निवळघरचा नकाशा आणि चिमाक्काचे पोते

लिहून देणार: महादेव तुकाराम लोहार, वय वर्षे त्रेपन्न, धंदा अर्जलेखन, बैठक आष्टा येथे चावडीसमोरील लिंबाखाली.

प्रवासाचा काळ: मे महिना, सन एकोणीसशे सत्त्याण्णव, गुरुवार ते शनिवार.

प्रवासाचे ठिकाण: मौजे निवळघर, जिल्हा सातारा. हे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले असून त्याची वस्ती आष्ट्यापासून जवळच, जिल्हा सांगली, येथे नवे निवळघर या नावाने नांदत आहे.

साक्षीदार: (एक) रावअण्णा, शेतकरी. (दोन) गणपातात्या, शेतकरी. (तीन) सोपान कांबळे, मोजणी खात्यातील निवृत्त साखळीवाले. (चार) चिमाक्का, विधवा, वय स्वतःस ठाऊक नाही. चौघेही मूळचे निवळघरचे. वडापच्या, म्हणजे प्रवासी भाड्याच्या, जीपचा चालक तिन्ही दिवस गाडीत झोपून असल्याने त्यास साक्षीदार धरलेले नाही.

वादाचा विषय: वाघजाई देवीची पालखी प्रथम कोणाच्या दारी थांबावी.

अर्जात पाल्हाळ चालत नाही, हा माझा तीस वर्षांचा नियम आहे. परंतु हा अर्ज नसून प्रवासाची हकिगत आहे, आणि जे तेथे गेले नाहीत त्यांना सर्व काही दिसावे अशी माझी इच्छा असल्याने येथे तो नियम थोडा सैल केला आहे.

निवळघरास देवीचा एक कायदा होता. वैशाखी पौर्णिमेस पालखी देवळातून निघाली की ती पाण्याच्या उलट चालायची, म्हणजे नदी जिकडून येते तिकडे तोंड करून. त्या वाटेवर देवळानंतरचे पहिले घर लागेल तेथे पहिला मान, पहिला नारळ, पहिली ओवाळणी. धरण झाले, गाव उठले आणि आष्ट्याच्या काळ्या रानात येऊन बसले. येथे भूखंड चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. पहिल्या घराचा शेवटी गेला, शेवटच्याचा मध्यभागी आला. नदीही उरली नाही. जवळून जातो तो पाटबंधाऱ्याचा कालवा, आणि त्याचे पाणी कोणत्या दिशेने जाईल हे कालव्याच्या चौकीदारावर अवलंबून असते. तरीही बरीच वर्षे जुन्या माणसांच्या सांगण्यावरून पालखी फिरली. ती माणसे गेल्यावर रावअण्णा म्हणू लागले की पहिले घर आमचे, गणपातात्या म्हणू लागले की आमचे. चार वर्षे झाली, पालखी देवळाच्या बाहेर आलेली नाही. रावअण्णा आणि गणपातात्या चार वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. यंदाही पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा पंचांनी मला बोलावून सांगितले, रायटर, कागदाने काय सुटते का बघा.

मी एका दिवंगत तलाठ्याच्या घरच्यांना भेटून त्यांच्या ट्रंकेतून निवळघर गावठाणाचा जुना नकाशा मिळवला. तो मेणकापडासारख्या आरपार दिसणाऱ्या कापडावर काढलेला होता. एका बाजूची शाई ओलीने फुटलेली होती, दुसरी बाजू स्वच्छ होती. मी स्वच्छ बाजू वर घेऊन त्याची सुबक नक्कल तयार केली. घरांचे चौकोन, देऊळ, ओढा, नदीचे वळण, सर्व काही उतरवले. अक्षरे मात्र मला लागली नाहीत. ती मोडी असावीत असे मी ठरवले आणि पंचांना तसेच सांगितले; मोडी म्हटल्यावर सभेत एक प्रकारची शांतता पसरली. नदीचा बाण त्या नकाशात पश्चिमेकडे दाखवला होता. सह्याद्रीच्या या अंगाची नदी पश्चिमेकडे जाणार नाही एवढे मला कळते. म्हणून मी तो बाण लाल शाईने पूर्वेकडे वळवून समासात “जुन्या कारकुनाची चूक, दुरुस्त केली” असे लिहून खाली सही केली. त्या सहीबद्दल पुढे लिहिणे भाग आहे.

गुरुवार. आष्टा ते डोंगरमाथा

सकाळी आठला निघायचे ठरले होते, नऊला निघालो. उशिराचे कारण चिमाक्का. तिने येऊ नये असे सर्वांचे मत होते. एक तर रस्ता वाईट, दुसरे म्हणजे तिचा या वादाशी संबंध काय? भाकरीची दुरडी, चटणीचा डबा आणि तोंड शिवलेले एक गोणपाटाचे पोते घेऊन ती जीपमध्ये बसली. पोते ठेवायला दोन माणसे लागली आणि ते नेमके माझ्या पायांखाली आले.

“काय भरलंय आक्का? दगड हाय काय?” चालकाने विचारले.

“दगडच हाय,” ती म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसलो.

जीपमधील बसण्याची व्यवस्था अशी होती: रावअण्णा एका खिडकीशी, गणपातात्या दुसऱ्या खिडकीशी, मध्ये सोपान कांबळे. कांबळे यांचा देह लहान आणि आवाज त्याहून लहान. मोजणी खात्यात सारी नोकरी साखळी ओढण्यात गेली. निवळघर बुडण्यापूर्वी जी अखेरची मोजणी झाली तिच्यात साखळीचे एक टोक त्यांच्याच हातात होते, म्हणून त्यांना बरोबर घेतले. त्यांच्या घराने त्याच सुमारास बौद्ध धर्म स्वीकारला. पालखीशी त्यांचा संबंध राहिलेला नाही, आणि हे त्यांनी मला निघण्यापूर्वीच स्पष्ट केले होते. मी पालखीसाठी येत नाही, मापासाठी येतो, असे त्यांचे शब्द.

कांबळे यांना मात्र पहिल्या दिवशी दुसरेच काम पडले. रावअण्णा म्हणत, कांबळे, त्यांना सांगा काच वर करा, धूळ येतीया. गणपातात्या म्हणत, सोपाना, त्यांना सांग, काच मोडलीय, वर हुत न्हाई. दोघांमधील अंतर दोन हात. कराडपर्यंत कांबळे यांनी निरोप पोचवले. कराडच्या स्टँडसमोर चहा-भजी झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पुढे निरोप हवेतच राहिले.

कराड सोडल्यावर उसाचे हिरवे पट्टे मागे पडतात. जमीन हळूहळू तांबडी होते, घरे बसकी आणि लांब छपरांची होतात, रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो. आष्ट्याकडे मे महिन्यात सावली म्हणजे एक बाभळ आणि तिच्याखाली तीन म्हशी, चार माणसे. येथे फणसांच्या झाडाखाली सबंध वाडी बसू शकते. रस्त्याकडेला बायका करवंदे विकत होत्या. मी भाव विचारला तेव्हा त्यांनी भाव सांगायच्या आधी पानभर करवंदे हातावर ठेवून खाऊन बघा म्हटले. आमच्याकडे आधी भाव, मग माल, असा क्रम आहे. या दोन पद्धतींत कोणती बरी हे मी ठरवू शकलो नाही. मात्र पाने चार घेतली.

मुक्काम माथ्यावरच्या एका वाडीत चिमाक्काच्या भाचीकडे होता. भाचीचे नाव शेवंता. तिने नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि लाकडी वाटीत घट्ट ताक वाढले. आम्ही बरोबर कृष्णाकाठची वांगी भरून आणली होती. शेवंताने एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली की वांगी गोड आहेत खरी, पण इतकी पाण्यावर वाढलेली भाजी अंगी लागायची नाही. पाण्याने गाव गेलेल्या माणसांच्या पंगतीत तिने हे अगदी सहज म्हटले, आणि सर्वांनी मान डोलावली.

माथ्यावरून संध्याकाळी धरणाचे पाणी प्रथम पाहिले. ते खूपच मागे हटलेले होते. मध्ये पिवळट गाळाचे मोठे मैदान पसरले होते आणि त्यात काळे बुंधे बोटांसारखे वर आलेले. रावअण्णा बराच वेळ उभे राहिले, नंतर गणपातात्याही येऊन थोड्या अंतरावर उभे राहिले. चिमाक्का म्हणाली, “झाडं न्हाईत म्हणून उगाच मोठं दिसतंय. एवढं मोठं नव्हतं आपलं.”

शुक्रवार. गाळात

सकाळी नकाशाची नक्कल, मूळ नकाशाची पत्र्याची नळी, दोरी, खुंट्या आणि एक कुदळ घेऊन खाली उतरलो. चिमाक्का वर राहिली. पोते खाली न्यायला कोणी तयार झाले नाही आणि पोत्याशिवाय ती उतरेना.

खालच्या जमिनीचे वर्णन करतो. ती वरून कोरडी दिसते, भेगाळलेली, मडक्याच्या खापऱ्यांसारखी. पाय ठेवला की कुरकुरते. वीस पावले अशी गेली की विश्वास बसतो, आणि एकविसाव्या पावलाला माणूस पोटरीपर्यंत आत जातो. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या या गाळात आसपासचे लोक काकड्या आणि दोडके लावतात. अशा एका वेलापाशी बसून आम्ही दिशा ठरवली.

अडचण अशी की ओढ्याच्या दोन घळी दिसत होत्या आणि त्यांतला आपला कोणता हे कोणालाच सांगता येईना. नकाशाप्रमाणे गाव ओढ्याच्या पूर्वेला. मी विचारले की तुमच्या आठवणीत ओढा कोणत्या अंगाला होता. रावअण्णा म्हणाले, गावात शिरताना उजव्या हाताला. गणपातात्यांनीही, कांबळे यांच्यामार्फत का होईना, तेच सांगितले. आम्ही माथ्यावरून उतरत होतो. आमच्या उजव्या हाताला पश्चिमेची घळ होती. नकाशा जुळला, साक्षी जुळल्या, दोन्ही वादींचे प्रथमच एकमत झाले. मला त्या क्षणी फार समाधान वाटले, हे कबूल करतो.

मी पुढे झालो. ओढ्यापासून देवळापर्यंतचे अंतर मी नकाशावर मोजून ठेवले होते. ते पावलांनी मोजत गेलो आणि जेथे देऊळ असायला हवे तेथे खुंटी ठोकली. तेथे गाळ होता. खणले, खाली गाळच होता. दहा पावले उत्तरेस, दहा दक्षिणेस, सर्वत्र गाळ. शेवटी आणखी पूर्वेला जाताना माझा डावा पाय मांडीपर्यंत गेला आणि बाहेर आला तेव्हा चप्पल आली नाही. ती कोल्हापुरी चप्पल आजही तेथेच आहे. निवळघरच्या गावठाणात माझीही थोडी मालमत्ता आहे, असे आता म्हणता येईल.

देऊळ न मिळाल्याने वाद मिटण्याऐवजी वाढला. रावअण्णा म्हणाले की देवळाचे दगडसुद्धा काही माणसांनी उचलून नेले असतील. गणपातात्यांनी मध्यस्थ न घेता थेट विचारले, “काही माणसांनी म्हंजी कुणी?” चार वर्षांनंतर दोघांत झालेले हे पहिले बोलणे. पुढचे बोलणे येथे लिहिण्यासारखे नाही. दुपारी दोघेही म्हणाले की उद्या परत जाऊ, पालखी देवळात आहे ती तेथेच बरी आहे.

वर चढताना कांबळे माझ्या बाजूने चालत होते. मी एका पायाने अनवाणी असल्याने त्यांनी वेग कमी केला होता.

“रायटर,” ते म्हणाले, “हा लाल बाण तुमी काढला न्हवं?”

मी होय म्हणालो.

“आधीचा बाण मावळतीकडं हुता?”

मी त्यांना समजावून सांगितले की जुने कारकून चुका करत, आणि सरकारी कागदातील चूक सुधारण्यासही एक प्रकारचे धैर्य लागते. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “बाण चुकला आसंल. पर बाण काढणाऱ्याचा हात आमच्या साखळीमागनं चालायचा. तो बाण सोडून बाकीचं बराबर काढायचा, असं कवा झालं न्हाई.”

मी थोडे जास्त बोललो. साखळी ओढणे आणि नकाशा वाचणे यांत फरक असतो, असे काहीतरी. शेवंताकडे पोचल्यावर कांबळे यांनी माझ्या खरचटलेल्या पायाला लावायला स्वतः हळद मागून आणली. मला तेव्हा हळदीची झोंबणी जाणवली. दुसरी झोंबणी सकाळी जाणवली.

शनिवार. कापडाची दुसरी बाजू

सकाळी जीप निघायची तयारी झाली. चिमाक्का पोत्यावर बसून होती. ती म्हणाली की खाली गेल्याबिगर मी हालत नाही, तुमी जावा. शेवंताच्या घरून काठी आणि दोन माणसे मिळाली, पोते काठीला अडकवले आणि माथ्यावरच्या वाटेऐवजी खालून, नदीकाठाच्या जुन्या गाडीवाटेने जायचे ठरले. त्या वाटेने उतार कमी होता. तिला एकटी सोडवेना म्हणून सर्वच निघाले; मी केवळ चप्पल मिळाली तर पाहावे म्हणून कालचे सामान घेऊन बरोबर निघालो.

जुन्या वाटेने निम्मे अंतर आलो आणि रावअण्णा थांबले. त्यांनी उजवा हात वर केला, मग डावीकडे पाहिले, मग पुन्हा उजवीकडे. गणपातात्याही थांबले. आता ओढ्याची दुसरी घळ, पूर्वेकडची, आमच्या उजव्या हाताला येत होती.

“आरं, आपण ह्याच वाटनं यायचो,” गणपातात्या म्हणाले. “वरनं कवा आलो आपण?”

खरे होते. जन्मभर ही माणसे खालून वर गावात शिरली होती. काल माथ्यावरून उतरल्यामुळे त्यांचा उजवा हात फिरला होता. परंतु मी म्हणालो की माझा नकाशा तर ओढा पश्चिमेलाच दाखवतो, त्याचे काय करायचे? तेव्हा कांबळे यांनी मूळ नकाशाची नळी माझ्या हातातून घेतली. विचारून घेतली, हे नमूद करतो. त्यांनी कापड बाहेर काढले आणि उगवतीच्या सूर्याकडे धरले. मी ज्या स्वच्छ बाजूवरून नक्कल केली होती ती त्यांच्याकडे होती. मग त्यांनी ते कापड सावकाश उलटे फिरवले आणि फुटलेली शाई आमच्याकडे केली. उन्हात ती शाई पुन्हा एकत्र आली. जे मी मोडी म्हणून सोडले होते ते साधे बाळबोध अक्षर होते. एके ठिकाणी “देऊळ”, एके ठिकाणी “ओढा”. बाण पूर्वेकडे गेला. ओढाही पूर्वेला आला आणि गाव पश्चिमेला.

“पाठीकडनं काढला की असंच हुतंय,” कांबळे म्हणाले. “आमच्या सायबांचं पन एकदा झालं हुतं. त्यांनी मग आमालाच झापलं.”

मी त्यांच्यापाशी माफी मागितली. शब्द थोडे सरकारी झाले असतील. मला दुसरे येत नाहीत. येथे हेही लिहून ठेवतो की माझी सातवीची फायनल एका विषयात राहिली होती आणि तो विषय भूगोल होता. कांबळे म्हणाले, जाऊ द्या, पाऊस लागायच्या आत कळलं हे काय कमी हाय. पुढे त्यांनी दोरीचे एक टोक माझ्या हाती दिले आणि दुसरे स्वतःकडे ठेवले. मोजणीत मागचे टोक धरणारा जो असतो तो मी होतो. ते हाक देत तेथे मी उभा राहत होतो. तासाभरात मला हे काम वाटले होते त्याहून कठीण असल्याचे कळले.

देवळाचे जोते ओढ्याच्या पश्चिमेस, नकाशात होते तेथेच सापडले. गाळाच्या वर एक वीत. पायरीवर कासवाची खूण कोरलेली होती. रावअण्णा आणि गणपातात्या दोघांनी एकाच वेळी वाकून त्याला हात लावला आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. कोणी हसले नाही. मग चिमाक्का हसली, आणि मग सर्व हसले.

देवळापासून पाण्याच्या उलट, पश्चिमेकडे चालू लागलो. नकाशात प्रथम एक लहान चौकोन होता, मग दोन मोठे. चौकोनांवर आकडे होते, नावे नव्हती. आकड्यांची यादी तलाठ्याच्या ट्रंकेत वाळवीने खाल्ली होती. लहान चौकोनाच्या जागी काही दिसेना. पुढे मात्र दोन मोठी जोती लागली, एकमेकांना खेटून, मधली भिंत एकच. रावअण्णांनी त्या भिंतीच्या उरलेल्या दगडांवरून हात फिरवला. एका ठिकाणी हात थांबला. भिंतीत आरपार एक चौकोनी भोक होते, नारळ जाईल एवढे.

“इस्तवाची खिडकी,” ते म्हणाले.

रावअण्णांची आई सकाळी चूल पेटवी आणि या भोकातून पळीभर निखारे पलीकडे देई. ज्या दिवशी गणपातात्यांची आई आधी उठे त्या दिवशी निखारे उलट येत. दोन घरांत एकच काडेपेटी होती आणि तीही सणाला. गणपातात्या पलीकडच्या जोत्यावर जाऊन बसले आणि त्यांनी भोकातून इकडे पाहिले.

“राव्या, तंबाकू हाय का?”

रावअण्णांनी चंची काढली आणि भोकातून पुढे केली. मी हे स्वतः पाहिले. चार वर्षांचा वाद त्या भोकातून असा गेला. दोघेही म्हणू लागले की भिंत एक, तर पालखीही भिंतीशी एकदाच थांबवू, नारळ दोन फोडू. मला वाटले प्रकरण निकाली निघाले. मी वहीही काढली.

“पर पैलं घर तुमचं न्हवंच,” चिमाक्का म्हणाली.

ती मागेच थांबली होती, देवळाच्या आणि त्या दोन जोत्यांच्या मध्ये, जेथे लहान चौकोन होता आणि काही दिसत नव्हते. पोते तिच्या पायाशी ठेवलेले होते. तिने कांबळे यांना खुणेने बोलावून एक जागा दाखवली. कांबळे यांनी कुदळीने वरचा गाळ बाजूला केला, मग हाताने. वीतभर खाली एक गोल दगड निघाला, जमिनीत पक्का बसवलेला. जात्याचा खालचा दगड. त्याच्या कडेचा एक टवका उडालेला होता.

चिमाक्काने पोत्याची शिवण दाताने तोडली. आत जात्याचा वरचा दगड होता. गाव उठले तेव्हा खालचा दगड जमिनीतून निघेना म्हणून तिने फक्त वरचा नेला होता. नव्या गावात त्याला जोडीचा मिळाला नाही, म्हणून सारी वर्षे तो दारात पडून होता आणि त्यावर बसून लोक चहा पीत होते. त्या दगडाच्याही कडेचा टवका उडालेला होता. आम्ही तिघांनी तो उचलून खालच्यावर ठेवला. चिमाक्काने तो सावकाश फिरवला. टवक्याखाली टवका आला आणि दोन्ही मिळून हाताच्या तळव्याएवढी एकच खोबण झाली.

“सासूच्या हातनं मुसळ पडलं हुतं,” ती म्हणाली. “एकाच घावात दोनी फुटले. लय शिव्या मला बसल्या.”

मग हळूहळू रावअण्णांनाच आठवत गेले. चिमाक्काचा नवरा गाव उठायच्या दोनतीन वर्षे आधी वारला. त्या वर्षापासून पालखी तिच्या दारी थांबेनाशी झाली. घरात पुरुष नाही, मान कोण घेणार, असे कोणीतरी म्हणाले. पालखी थांबेना म्हणून ते दार कोणी मोजेना. नव्या गावात तिला अगदी शेवटचा भूखंड मिळाला आणि मग ती पहिली होती हे आठवण्याचे कारणच उरले नाही. रावअण्णा आणि गणपातात्या तेव्हा तरणे होते. त्यांना खरेच वाटत होते की पालखी प्रथम आपल्याच दारी येत असे. त्यांनी पाहिलेल्या शेवटच्या वर्षांत ती या खेटलेल्या दोन दारांशीच प्रथम थांबतही होती. दोघेही खोटे बोलत नव्हते.

मी तिला विचारले की इतकी वर्षे हे का सांगितले नाही. ती म्हणाली की कुणी विचारलंच न्हाई, आणि बाईनं नुसतं सांगून कोण ऐकतंय. म्हणून दगड आणला.

परत निघताना तिने वरचा दगड पोत्यात भरू दिला नाही. तो तिथेच राहू दे म्हणाली, जोडी लागली. पावसात पाणी चढेल आणि जाते पुन्हा बुडेल, पण पुरते बुडेल. येताना जीपमध्ये पोते नसल्याने माझे पाय मोकळे होते, तरी मला अवघडल्यासारखे वाटत होते. कराडला रावअण्णांनी सर्वांना मिसळ दिली. गणपातात्यांनी तिखटाला नावे ठेवली, तीही थेट रावअण्णांनाच.

रविवार. नव्या निवळघराची सभा

सभेत मी नकाशाची दुसरी, सुलट नक्कल ठेवली, पहिल्या नकलेवरील माझी सही खोडली आणि खोडल्याची सही केली. कांबळे यांनी मापे वाचून दाखवली. ते पालखीपुढे नमस्कार करत नाहीत हे सर्वांना माहीत आहे, म्हणूनच त्यांच्या मापावर कोणी शंका घेतली नाही. रावअण्णा आणि गणपातात्या या दोघांनीही उभे राहून सांगितले की पहिले घर चिमाक्काचे. तरीही सभेतील काही जणांनी दोन हरकती घेतल्या. एक, चिमाक्काचे घर गावाच्या टोकाला आहे, पालखी सर्वांच्या दारावरून न थांबता आधी तिथे कशी न्यायची? दोन, तिच्या घरात पुरुष नाही, मान कोण घेणार? पंचांनी बघू असे म्हटले आणि सभा उठली.

सबब पंचांस माझी विनंती येणेप्रमाणे. पहिल्या हरकतीस उत्तर: देवी पूर्वी डोंगरातून नदीच्या उलट चालत होती, तिला आष्ट्याच्या सपाट रस्त्यावर दोनशे पावले जड होऊ नयेत. दुसऱ्या हरकतीस उत्तर: मान देवीचा असतो, घेणाऱ्याचा नसतो, आणि ओवाळायला पुरुष लागतो असे मी आजवर कोणत्याही गावात पाहिलेले नाही. कागद माझा चुकला होता. दगड चुकलेला नाही.

सभेनंतर मी चिमाक्काला विचारले की अर्जात तुझ्या वतीने आणखी काय लिहू. ती दारात बसली होती, जेथे तो दगड नसल्याने आता मोकळी जागा दिसते. ती म्हणाली, “न्यायाचं तुमचं तुमी बघा. फकस्त पालखी येणार आसंल तर मला दोन दिस आदी कळवा. आंगण सारवायचं हाय, शेण गोळा कराया येळ लागतुया.”

तरी पंचांनी आपला निर्णय, होय किंवा नाही, पौर्णिमेच्या किमान दोन दिवस आधी लेखी कळवावा, ही नम्र विनंती. उत्तर माझ्या पत्त्यावर न पाठवता गावाच्या टोकाच्या शेवटच्या घरी पाठवावे. तिला वाचता येत नाही. वाचून दाखवण्यास मी आणि सोपान कांबळे तेथे हजर राहू.

कळावे,
महादेव तुकाराम लोहार
अर्जलेखक, आष्टा